विश्लेषण : पुढच्या त्वचेला खाज, लाली, चिरा... मलम लावण्याआधी साखर का तपासावी?

मेडिकलच्या दुकानात गर्दी असेल तर हे गिऱ्हाईक बाहेरच थांबते. मोबाइल बघत, उगाच बाइकची चावी फिरवत. शेजारच्या काकू बीपीच्या गोळ्या घेऊन गेल्या की ते काउंटरपाशी येते आणि हळू आवाजात म्हणते, ‘खाजेचं काहीतरी मलम द्या.’ कुठे खाज, किती दिवसांपासून, हे दुकानदार विचारत नाही आणि गिऱ्हाईकही सांगत नाही. दोन मिनिटांत ट्यूब खिशात जाते. तीन दिवसांत खाज थांबते. महिन्याभराने तोच माणूस पुन्हा दुकानाबाहेर उभा असतो.

शिश्नाच्या टोकावरची सैल त्वचा म्हणजे अग्रत्वचा. बोलीभाषेत ‘पुढची कातडी’. तिथे खाज, लाली किंवा जळजळ होणे ही पुरुषांमधली अगदी सर्रास आढळणारी तक्रार आहे. बहुतेक वेळा ती साधी असते आणि नीट काळजी घेतली तर आठ-पंधरा दिवसांत बरी होते. पण काही पुरुषांमध्ये रक्तात वाढलेल्या साखरेचे हे पहिले दिसणारे लक्षण असते. खिशातली ती ट्यूब नेमके तेच लक्षण झाकून टाकते.

इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर आमच्या मजल्यावर अशी एक ट्यूब खोल्याखोल्यांतून फिरायची. मुळात ती कुणाची होती, हे कुणालाच माहीत नव्हते. जांघेतला नायटा असो, दाढीनंतरचे पुरळ असो की ‘तिकडची’ खाज, सगळ्यांवर एकच इलाज. त्यातल्या दोघांना पुढे त्वचारोगतज्ज्ञाकडे कित्येक महिने खेटे घालावे लागले.

डॉक्टर म्हणतात ‘बॅलनायटिस’, म्हणजे काय?

शिश्नाच्या टोकाला सूज आली तर बॅलनायटिस, पुढच्या त्वचेला आली तर पोस्थायटिस आणि दोन्हींना एकदम आली तर बॅलनोपोस्थायटिस. नाव भारदस्त असले तरी त्याचा अर्थ ‘इथे सूज आहे’ एवढाच होतो. सूज कशामुळे आली, हे त्या नावातून कळत नाही. बुरशी, जिवाणू, साबण, एखादी गोळी, लैंगिक संसर्ग, त्वचेचा जुनाट आजार, यांतले काहीही कारण असू शकते. म्हणून चिठ्ठीवर हा शब्द दिसला तर डॉक्टरांना पुढचा प्रश्न जरूर विचारा : कशामुळे?

या त्वचेची रचनाच अशी आहे की त्रास व्हायला फार निमित्त लागत नाही. बाहेरून ती साधी त्वचा असते. आतून मात्र ओठांच्या आतल्या बाजूसारखी पातळ आणि ओलसर. टोकावर ती दुमडलेली राहते, त्यामुळे आत एक उबदार, दमट खिसा तयार होतो. लघवीनंतरचा शेवटचा थेंब तिथेच मुरतो. मृत पेशी आणि तेलकट स्राव साचून पांढरा चिकट थर बनतो. हा थर म्हणजे आजार नव्हे. तो प्रत्येकाला होतो आणि पाण्याने निघतो. मात्र दिवसेंदिवस साचून राहिला तर त्वचेला टोचतो आणि वास येऊ लागतो.

हा त्रास नव्या जमान्याचाही नाही. त्वचा घट्ट होऊन मागे न सरणे आणि मागे सरकलेली त्वचा तिथेच अडकणे, या दोन्ही अवस्था सुश्रुतसंहितेत ‘निरुद्धप्रकश’ आणि ‘परिवर्तिका’ या नावांनी नोंदवलेल्या आहेत. आज त्यांना अनुक्रमे फायमोसिस आणि पॅराफायमोसिस म्हणतात.

साखरेचा इथे काय संबंध?

मूत्रपिंडे रक्त गाळताना साखर वाया जाऊ देत नाहीत, ती परत रक्तात खेचून घेतात. पण या कामाला मर्यादा आहे. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंडांची क्षमता संपते आणि उरलेली साखर लघवीत उतरते. ‘लघवीला मुंग्या लागतात’ असे गावाकडची जुनी माणसे म्हणत, ते यामुळेच.

आता पुन्हा त्या खिशाकडे या. ऊब आहे, ओल आहे आणि लघवीच्या प्रत्येक थेंबाबरोबर साखरही येते आहे. कॅन्डिडा नावाची बुरशी अनेकांच्या अंगावर एरवी निमूटपणे राहत असते. तिला याहून चांगली जागा मिळणार नाही. त्यातच साखर वाढलेली असताना जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही मंदावतात.

दिसते काय, तर टोक लालभडक आणि चकचकीत होते. बारीक लाल पुटकुळ्या येतात. कधी दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर दिसतो. खाज आणि जळजळ होते आणि संबंधानंतर ती वाढते. मधुमेहात आणखी एक खूण बऱ्याचदा दिसते : त्वचेच्या तोंडाशी उभ्या बारीक चिरा पडतात. त्वचा मागे घेताना त्या ताणल्या जातात आणि कधी रक्तही येते. चीर भरते, तिथे वण राहतो. वण आकसतो, त्यामुळे त्वचेचे तोंड आणखी अरुंद होते. पुढच्या वेळी मागे घेताना पुन्हा चीर. असे दोन-चारदा झाले की जी त्वचा तिशीपर्यंत सहज मागे जात होती, ती चाळिशीत अडकू लागते. मोठेपणी नव्याने त्वचा घट्ट झाली असेल, तर साखर तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा आग्रह कशासाठी? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. सुरुवातीची काही वर्षे मधुमेह दुखत नाही, खुपत नाही. पायाला मुंग्या येईपर्यंत किंवा नजर अंधुक होईपर्यंत अनेकांना पत्ता नसतो. पुढच्या कातडीची खाज हा इशारा त्याच्या कितीतरी आधी मिळू शकतो. लाजेपायी तो इशारा वाया जातो.

तपासणी सोपी आहे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त असेल, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी चाचणी ६.५ टक्के किंवा अधिक असेल, तर मधुमेह धरला जातो. खात्रीसाठी चाचणी पुन्हा करतात. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. तीस वर्षांवरील लोकांची मधुमेह आणि रक्तदाबाची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. तिथे ‘कशासाठी तपासताय’ याचे कारणही सांगावे लागत नाही.

मधुमेहाची गोळी सुरू केल्यावर खाज सुटली, असे का?

हे वाचून मधुमेहाचे जुने रुग्ण म्हणतील, आमची साखर तर आता आटोक्यात आहे, तरी त्रास आत्ताच सुरू झाला. त्यांनी आपल्या गोळीचे नाव बघावे. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन ही एकाच गटातली औषधे आहेत. मूत्रपिंडे साखर परत खेचतात ती वाटच ही औषधे अडवतात, त्यामुळे जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर जाते. म्हणजे रक्तातली साखर कमी झाली तरी लघवीत ती भरपूर असते आणि बुरशीला तेवढे पुरते. औषधचाचण्यांमध्ये या गोळ्या घेणाऱ्यांत जननेंद्रियांचा बुरशीसंसर्ग इतरांपेक्षा सुमारे तीन-चार पट अधिक आढळला. स्त्रियांत तो पुरुषांपेक्षा जास्त होतो.

डॅपाग्लिफ्लोझिनचे भारतातले पेटंट २०२० मध्ये संपले, एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ मध्ये. कितीतरी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या आणि आता साध्या दवाखान्यांतूनही ती सर्रास लिहिली जाते. हृदयासाठी आणि मूत्रपिंडांसाठी ही औषधे खरोखर गुणकारी आहेत. मधुमेह नसलेल्या हृदयरुग्णांनाही दिली जातात. म्हणून खाज सुटली की स्वतःच्या मनाने गोळी बंद करण्याचा उद्योग करू नका. बहुतेकांचा संसर्ग साध्या मलमाने जातो आणि गोळी सुरूच राहते. प्रत्येक वेळी लघवीनंतर टोक पाण्याने धुऊन कोरडे केले तर त्रास परत येण्याचे प्रमाण कमी होते. वारंवार झालेच तर औषध बदलायचे का, हे डॉक्टर ठरवतील. माझी तक्रार वेगळी आहे. गोळी लिहून देताना हे एक वाक्य रुग्णाला सांगायला कितीसा वेळ लागतो?

त्या ट्यूबमध्ये असते तरी काय?

‘खाजेचे मलम’ म्हणून हातात पडणाऱ्या अनेक ट्यूबमध्ये तीन-चार औषधे एकत्र असतात : बुरशीवरचे एक, जिवाणूंवरचे एखाद-दुसरे आणि सोबत स्टेरॉइड. स्टेरॉइड बऱ्याचदा क्लोबेटासॉल असते. त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडमध्ये ते सर्वांत तीव्र गटात मोडते. ‘काहीही असो, एकाने तरी काम होईल’ असा यामागचा हिशेब.

खाज थांबते ती स्टेरॉइडमुळे. सूज म्हणजे शरीराने संसर्गाला दिलेला प्रतिसाद. स्टेरॉइड तो प्रतिसादच दाबते. लाली जाते, आग थांबते, माणूस खूश होऊन मलम बंद करतो. बुरशी मात्र मेलेली नसते. उलट प्रतिकार थंडावल्याने तिला मोकळे रान मिळते. आमच्या भाषेत सांगायचे तर सर्व्हर जळत असताना अलार्मची वायर काढून ठेवण्याचा हा प्रकार. महिन्याभराने त्रास परत येतो तो जास्त जोमाने. मग तीच ट्यूब, जास्त दिवस. मुळात पातळ असलेली त्वचा स्टेरॉइडने आणखी पातळ होते, जरा घासले तरी सोलवटते आणि मलम थांबवले की आगआग होते. मलमाशिवाय राहवत नाही, अशी अवस्था येते. जांघेतल्या नायट्याच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत देशभर हेच घडले. साध्या औषधांना दाद न देणारा नायटा पसरला आणि त्यात अशा मिश्र मलमांच्या बेसुमार वापराकडे त्वचारोगतज्ज्ञ बोट दाखवतात.

त्वचारोगतज्ज्ञांच्या पाठपुराव्यानंतर केंद्र सरकारने २०१८ मध्ये १४ स्टेरॉइडयुक्त मलमांना अनुसूची ‘एच’मध्ये आणले. म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. प्रत्यक्षात काउंटरवर काय चालते, हे वाचकांनी माझ्याकडून ऐकायला नको.

एवढे मात्र करता येईल : घरात असेल ती ट्यूब उचला आणि मागची बारीक अक्षरे मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी नाव दिसले तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टरांनी तुम्हाला तपासून लिहून दिले नसेल तर ते तिथे लावू नका.

दिवसातून तीनदा साबणाने धुतो, तरी असे का?

तरीही नव्हे, कदाचित त्यामुळेच. वारंवार बॅलनायटिस होणाऱ्या ४३ पुरुषांचा एक ब्रिटिश अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यातल्या ३१ जणांच्या त्रासाचे मूळ संसर्गात नव्हतेच. त्यांची त्वचा चुरचुरून सुजली होती. या मंडळींना ॲलर्जीचा पूर्वेतिहास अधिक होता आणि ते इतरांपेक्षा जास्त वेळा साबणाने धूत होते. साबण सोडून साधे मलईसारखे क्रीम वापरायला लावल्यावर बहुतेकांना आराम पडला.

यात एक चक्र आहे. जरा खाज सुटली की माणसाला वाटते अस्वच्छता झाली. तो साबण वाढवतो. वडीचा साबण अल्कधर्मी असतो, तर त्वचा किंचित आम्लधर्मी. वरचा संरक्षक थर निघून जातो, त्वचा कोरडी पडते, खाज वाढते. मग पाण्यात अँटिसेप्टिकचे झाकण ओतले जाते आणि त्वचा अक्षरशः भाजते. पुरुषांसाठी म्हणून खपवले जाणारे सुगंधी वॉश, वाइप्स, डिओ, पावडर, केस काढायचे क्रीम, कपड्यांत राहिलेली डिटर्जंट पावडर, कंडोमचे रबर किंवा त्यावरचे वंगण, यातले काहीही कारण असू शकते. गॅरेजमध्ये, रंगकामावर, सिमेंटवर किंवा मिरचीच्या गिरणीत काम करणाऱ्यांनी तर लघवीला जाण्याआधी हात धुवायला हवेत. आपण सगळे नंतरच धुतो.

‘बायकोमुळे झालं’ की ‘बाहेरून आणलं’?

या प्रश्नाने किती घरांत अबोला धरला असेल, याची कुठे मोजदाद नाही. म्हणून नीट सांगायला हवे : बुरशीचा संसर्ग हा लैंगिक आजारांत धरला जात नाही. लैंगिक संबंध न आलेल्या माणसालाही तो होतो. संबंधातून बुरशी एकमेकांकडे जाऊ शकते, पण ती बहुधा दोघांच्याही अंगावर आधीपासूनच असते. त्यामुळे अंगावर लाली दिसली म्हणून नवऱ्याने बायकोवर किंवा बायकोने नवऱ्यावर संशय घेण्याला आधार नाही. पत्नीला खाज असेल, दह्यासारखे पांढरे जात असेल, तर तिनेही त्याच वेळी उपचार घ्यावेत, नाहीतर तक्रार दोघांत फिरत राहते. तिला काहीच त्रास नसेल तर औषधाची गरज सहसा पडत नाही.

लैंगिक आजारांची लक्षणे बऱ्याचदा वेगळी दिसतात. पाण्याच्या बारीक फोडांचा दुखरा घोस फुटून जखमा झाल्या तर हर्पिस असू शकतो. न दुखणारी, कडक कडांची एकच जखम असेल तर सिफिलिसची शंका घेतात. दुखत नाही म्हणूनच ती दुर्लक्षिली जाते आणि काही आठवड्यांत आपोआप भरतेही, आजार मात्र आतमध्ये वाढत राहतो. लघवीच्या वाटेने पू येणे ही परम्याची खूण. नवीन जोडीदाराशी असुरक्षित संबंध आला असेल तर ते डॉक्टरांना सांगा आणि एचआयव्ही व सिफिलिसची रक्ततपासणी करून घ्या.

ताप आला, गोळी घेतली आणि तिथेच डाग उठला?

हा प्रकार फारसा कुणाला माहीत नसतो, म्हणून थोडा वेळ देतो. काही जणांच्या शिश्नाच्या टोकावर अचानक गोल, लाल-जांभळा, जळजळणारा डाग उठतो, कधी फोड येतो. आठ-दहा दिवसांत बरा होतो आणि मागे काळपट खूण ठेवतो. काही महिन्यांनी नेमका त्याच जागी पुन्हा उठतो. ही औषधाची ॲलर्जी असते. दुखण्याच्या गोळ्या, जुलाबावर दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडॅझोल-टिनिडॅझोलसारख्या गोळ्या, सल्फा, डॉक्सिसायक्लिन, अशी अनेक औषधे याला कारण ठरतात. टोक ही या ॲलर्जीची आवडती जागा आहे. माणूस मात्र लैंगिक आजार समजून घाबरतो आणि त्यावर आणखी अँटिबायोटिक घेतो. डाग उठण्याच्या आदल्या दोन दिवसांत कोणती गोळी घेतली होती, ते आठवून लिहून ठेवा. दोनदा तेच नाव निघाले तर डॉक्टरांना दाखवा आणि ती गोळी कायमची टाळा.

पांढरा डाग, घट्ट होत जाणारी त्वचा

खाज फार नाही, पण त्वचेच्या तोंडाशी पांढुरके, चकचकीत पट्टे दिसतात, त्वचा कागदासारखी वाटते आणि हळूहळू घट्ट होते. हा लायकेन स्क्लेरोसस असू शकतो. तो संसर्ग नाही, जोडीदाराला लागत नाही. दुर्लक्ष केले तर लघवीचे तोंड अरुंद होऊन धार बारीक होते आणि पुढे जाऊन कर्करोगाचा थोडा धोकाही असतो. गंमत अशी, की यावरचा पहिला उपचार तेच तीव्र क्लोबेटासॉल आहे. मात्र डॉक्टर त्वचा पाहून, ठरावीक आठवड्यांसाठी, प्रमाण उतरवत ते देतात. औषध वाईट नसते, न तपासता लावणे वाईट.

सोरायसिसही इथे होतो, पण कोपर-गुडघ्यावर असतात तशा खपल्या इथे नसतात, नुसते लाल चट्टे दिसतात. उतारवयात टोकावर गुळगुळीत, विटकरी लाल चट्टा राहतो, तो झून्स बॅलनायटिस. १९५२ मध्ये झून या डच त्वचातज्ज्ञाने त्याचे वर्णन केले. तो निरुपद्रवी असतो, पण कर्करोगाच्या पूर्वावस्थेतला चट्टाही असाच लाल मखमली दिसतो. नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक करणे कठीण असते, म्हणून त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासतात. शिश्नाचा कर्करोग दुर्मिळ आहे, पण घट्ट त्वचा, एचपीव्ही विषाणू आणि धूम्रपान यांनी त्याचा धोका वाढतो. महिनाभरात न भरलेली जखम, गाठ, कडकपणा, त्वचेआडून येणारा रक्ताळ किंवा दुर्गंधी स्राव, यातले काही असेल तर मलमांचे प्रयोग थांबवा.

उपचार काय?

पहिले काम म्हणजे लावत असलेले सगळे बंद करणे. साबण, अँटिसेप्टिक, पावडर, लसूण-लिंबू, कापूर, सगळेच. खोबरेल तेलाने कोरड्या त्वचेला बरे वाटते, पण बुरशीसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

आंघोळीच्या वेळी त्वचा जाईल तेवढीच हलक्या हाताने मागे घ्या, कोमट पाण्याने धुवा, मऊ कपड्याने टिपून कोरडी करा आणि त्वचा आठवणीने पुन्हा पुढे आणा. सूज जास्त असेल तर कोमट पाण्यात थोडे मीठ टाकून त्यात काही मिनिटे बुडवून ठेवण्याचा सल्ला डॉक्टर देतात. सैल सुती अंतर्वस्त्र घाला आणि घामाने भिजले की बदला. दिवसभर बाइकवर किंवा ट्रकमध्ये असणाऱ्यांनी बॅगेत एक जादा जोड ठेवला तरी फरक पडतो.

बुरशी असेल तर नुसते क्लोट्रिमॅझोल १ टक्का किंवा मायकोनॅझोल २ टक्के हे मलम दिवसातून दोनदा, साधारण एक ते दोन आठवडे लावतात. दोन-तीन दिवसांत बरे वाटले तरी मध्येच सोडायचे नाही. त्रास जास्त असेल तर फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅमची एकच गोळी डॉक्टर देतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा काही हृदयविकाराच्या औषधांबरोबर ती जुळत नाही, म्हणून स्वतःहून घेऊ नका. मलम लावलेले असताना कंडोमवर विसंबू नका, त्यातल्या तेलाने रबर कमकुवत होते. पू, दुर्गंधी असेल तर स्राव तपासून जिवाणूंवरचे औषध ठरते. आणि साखर वाढलेली असेल तर ती खाली आल्याशिवाय कोणतेही मलम टिकाऊ गुण देत नाही.

वारंवार चिरा पडत असतील, त्वचा मागेच जात नसेल, तर शस्त्रक्रियेचा पर्याय येतो. सुंता म्हटले की आपल्याकडे लगेच धर्म आठवतो आणि अनेक जण वर्षानुवर्षे त्रास काढतात. सर्जनच्या दृष्टीने हे तासाभराचे छोटे ऑपरेशन आहे. बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. टाके भरून संबंध ठेवण्याइतके बरे व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मधुमेह असेल तर आधी साखर आटोक्यात आणतात, नाहीतर जखम भरत नाही.

लहान मुलाची त्वचा मागे जात नसेल तर?

बहुतेक वेळा काहीही करू नका. जन्मतः ती आतून चिकटलेलीच असते आणि वाढत्या वयात आपोआप सुटते. डेन्मार्कमधल्या शाळकरी मुलांच्या १९६८ च्या प्रसिद्ध अभ्यासात सतरा वर्षांपर्यंत जेमतेम एक टक्का मुलांची त्वचा घट्ट राहिली होती. तेल लावून रोज जोराने मागे ओढण्याच्या सल्ल्याने चिरा पडतात आणि नसलेला आजार तयार होतो. लघवी करताना त्वचा फुग्यासारखी फुगून मूल रडत असेल किंवा वारंवार संसर्ग होत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

रात्रीच धावायचे, असे केव्हा?

मागे गेलेली त्वचा पुढे येत नसेल आणि टोक सुजत असेल तर सकाळची वाट बघू नका. हा पॅराफायमोसिस. अडकलेली त्वचा दोरीसारखी आवळते आणि टोकाचा रक्तपुरवठा अडतो. वेळेत गेलात तर डॉक्टर हाताने दाबून सूज उतरवतात आणि त्वचा पुढे आणतात. घरात लघवीची नळी घातलेले आजोबा असतील, तर नळी घातल्यावर त्वचा पुढे आणली आहे ना, हे एकदा बघा. ही चूक दवाखान्यांतही होते.

दुसरी वेळ म्हणजे मधुमेहाच्या रुग्णाला अंडकोष ते गुदद्वार या भागात असह्य दुखणे, झपाट्याने वाढणारी सूज, ताप, काळी पडणारी त्वचा. हा फोर्निअर्स गँगरिन, अतिशय दुर्मिळ पण जीवघेणा. वर सांगितलेल्या मधुमेहाच्या गोळ्यांच्या संदर्भात अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये त्याचा इशारा दिला होता. इथे तास मोजायचे असतात.

दाखवायचे कुणाला?

त्वचेचा त्रास असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे, त्वचा घट्ट झाली असेल तर सर्जन किंवा यूरोलॉजिस्टकडे. सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून केली तरी चालते. भिंतींवर आणि रेल्वे रुळांच्या कडेला ‘गुप्तरोग, खात्रीशीर इलाज’ असे रंगवलेले पत्ते टाळा. अशा जाहिरातींवर १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी त्या दर पावसाळ्यानंतर नव्याने रंगतात. सरकारी जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालयांत ‘त्वचा व गुप्तरोग’ विभाग असतो. लैंगिक आजारांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ आहेत, तिथे तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. जवळचे केंद्र कुठे आहे, हे १०९७ या मोफत क्रमांकावर मराठीतही विचारता येते.

दाखवायला जाताना दोन दिवस आधीपासून काहीही लावू नका, नाहीतर खरे चित्र दिसत नाही. आधी वापरलेल्या ट्यूबचा आणि सुरू असलेल्या गोळ्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आत गेल्यावर अडखळायला होत असेल तर एवढेच म्हणा : ‘डॉक्टर, पुढच्या कातडीला पंधरा दिवस खाज आहे, चिरा पडल्यात, हे मलम लावलं होतं, शुगर अजून तपासलेली नाही.’